दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक तासिका

विद्यापीठात चित्रकला शिकवायला जायचं तर काय काय करावं लागतं, असं विचारलं की मला दोनच उत्तरं मिळायची. एक, "एम.एफ.ए. झालंय ना? मग जाऊन उभी राहा." दुसरं, "वशिला नसेल तर अर्जाचे पैसेही घालवू नकोस." माझ्या बाबतीत दोन्ही खोटी ठरली. एका विद्यापीठाच्या चित्रकला विभागात तासिका तत्त्वावर माझं पहिलं सत्र एप्रिल २०२५ मध्ये पूर्ण झालं. कायम नोकरी नव्हे, सीएचबी, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन. तरीही तिथपर्यंत पोचायला वर्ष गेलं, म्हणून ती वाट लिहून ठेवते. विभागाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांसोबत अजून काम करायचंय.

माझी ललित कलेची पदवी (बी.एफ.ए.) आणि पदव्युत्तर पदवी (एम.एफ.ए.) दोन्ही पेंटिंगच्या. त्यानंतरची वर्षं व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी, एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांचे वर्ग आणि जमेल तेव्हा एखादं समूह प्रदर्शन. सहायक प्राध्यापकाची पात्रता थोडक्यात अशी: पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकांसाठीची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा). मध्यंतरी विद्यापीठ विभागांसाठी पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून सगळे धास्तावले होते, पण जुलै २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) ती अट काढली. नेट नसलेल्यांनाही तासिका मिळतात, पण नेट झालेला उमेदवार आला की यादीत तो वर जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत व्यावसायिक कलावंतांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. मात्र त्यासाठी प्रदर्शनांचे कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रं असं सगळं वर्षावर्षाचं जपून ठेवलेलं लागतं, आणि चित्रकार मंडळी नेमकं तेच करत नाहीत.

माझा एक मित्र जी.डी. आर्ट. त्याच्या हातापुढे माझा हात काहीच नाही, पण जी.डी. आर्ट ही पदविका आहे, पदवी नव्हे. त्याचा अर्ज छाननीतच बाहेर पडला. ज्यांची अजून पंचविशीही उलटली नाही आणि पुढे शिकवायची इच्छा आहे, त्यांनी पदवीचा विचार आत्ताच करावा.

एप्रिल २०२४ मध्ये मी नेटचा फॉर्म भरला. दृश्यकला हा विषय, क्रमांक ७९. शुल्क खुल्या गटाला ११५० रुपये, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकांना ६००, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२५. पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखा, ५० प्रश्न. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न. वेळ दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पेंटिंगवाल्यांची पंचाईत अशी की दुसऱ्या पेपरात मूर्तिकला, मुद्राचित्रण, उपयोजित कला आणि कलेतिहास सगळं येतं. लॉस्ट वॅक्स, लिथोग्राफी, टाइपफेसची अंगं, जाहिरात संस्थेचं कामकाज हे सगळं मी पहिल्यांदाच नीट वाचलं. पहिल्या पेपरातली तर्क आणि आकडेवारीची गणितं नवव्या यत्तेतल्या भाचीकडून शिकले, आणि ती शिकवायला माझ्यापेक्षा बरी आहे.

१८ जूनला पुण्यातल्या केंद्रावर परीक्षा दिली. त्या वेळी ती उत्तरांचे गोल भरायच्या ओएमआर शीटवर, पेनानं होती. पेपर बरा गेला. दुसऱ्या दिवशी, १९ जूनच्या रात्री, बातमी आली की परीक्षाच रद्द. पेपर फुटल्याचा संशय. देशभरातल्या नऊ लाखांहून जास्त मुलांसारखीच मीही फोन हातात धरून बसून राहिले. खरं सांगायचं तर राग पेपरफुटीचा कमी आला, पुन्हा ते सगळं पाठ ठेवायचंय याचा जास्त आला. फेरपरीक्षा २१ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संगणकावर झाली. निकाल ऑक्टोबरात लागला आणि मी सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरले. संशोधनासाठीच्या फेलोशिपचं कटऑफ माझ्या आवाक्यात नव्हतं. एक लक्षात ठेवा, गुणपत्रक लगेच मिळतं पण प्रमाणपत्र नंतर येतं. अर्जाला तोवर गुणपत्रक जोडलं तरी चालतं. छापून दोन प्रती ठेवा, कारण संकेतस्थळ ऐन वेळी उघडत नाही.

मग जाहिरातीची वाट. दुसऱ्या सत्रासाठी काही विभाग पुन्हा तासिका भरतात हे मला माहीत होतं, पण विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि सगळं थंडावलं. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल, त्यानंतर जाहिरात आली. अर्जाला मुदत जेमतेम आठवड्याची. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी जाहिरात यायच्या आधीच फाइल तयार ठेवावी: सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट, नावात बदल असेल तर राजपत्र, राखीव गटातून अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, आणि सीजीपीए असेल तर त्याचं टक्क्यांत रूपांतर दाखवणारं विद्यापीठाचं पत्र. हे शेवटचं पत्र बहुतेकांकडे नसतं आणि ते लगेच मिळतही नाही. मला ते परीक्षा विभागातल्या एका भाऊसाहेबांनी काढून दिलं. त्यांची मुलगी इंटरमीजिएटला बसणार होती. मी तिला वस्तुचित्राच्या दोन गोष्टी सांगितल्या. याला वशिला म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

पोर्टफोलिओवर मी बराच खर्च केला. ए-थ्री आकारात रंगीत प्रती, वर जाड पुठ्ठ्याची बांधणी. मुलाखतीत तो सगळ्यांनी चाळला, पण थांबले ते माझ्या स्केचबुकांवर. ती मी सहज पिशवीत टाकली होती. एसटी स्टँडवर झोपलेली माणसं, भाजीवाल्या, कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट. विषयतज्ज्ञ म्हणून आलेले सर एकेक पान उलटत होते आणि बाकीचे गप्प होते.

मुलाखत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. सकाळी दहाची वेळ होती, माझा नंबर दुपारी अडीचला आला. डबा न्या. आत विभागप्रमुख, विषयतज्ज्ञ, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि आणखी दोघे. पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःचं काम चालू आहे का? दुसरा, चित्राची षडंगं सांगा. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. नव्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञान प्रणाली आल्यापासून हा प्रश्न हमखास येतो. पण नुसती नावं सांगून सुटका होत नाही. "प्रमाण आणि सादृश्य यांत फरक काय, फळ्यावर काढून दाखवा," असं म्हटलं गेलं. मग मुंबई आणि बडोदा या दोन शिक्षणपद्धतींवर विचारलं. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, बडोद्याची कला फॅकल्टी १९५० ची. बडोद्यात पेंटिंग विभागाची घडी बसवली ती चित्रकार ना. श्री. बेंद्रे सरांनी. मी चित्रकार नसरीन मोहमदींचं नाव घेतलं. १९७२ पासून १९९० पर्यंत त्या बडोद्यात शिकवत होत्या आणि रेषा हेच त्यांचं सगळं काम होतं. पुढचा प्रश्न आला, "त्यांच्यासारखं रेखांकन करणारा विद्यार्थी प्रथम वर्षाला आला तर हेड स्टडीला (समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या अभ्यासाला) किती गुण द्याल?" मी म्हटलं, हेड स्टडीचे जेवढे होतील तेवढेच, पण त्याची वही विभागप्रमुखांना दाखवीन. कुणीतरी हसलं. बरोबर उत्तर काय होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

शेवटी पंधरा मिनिटांचा नमुना तास. विषय त्यांनीच दिला: नेगेटिव्ह स्पेस, मराठीतून. मी खोलीतली खुर्ची टेबलावर ठेवली आणि खुर्ची सोडून तिच्या फटींचे आकार काढायला सांगितले. नमुना तासाला भाषण करू नका, समोरच्यांच्या हातात पेन्सिल द्या. कुलगुरूंचे प्रतिनिधी रसायनशास्त्राचे होते. त्यांनी खुर्चीच्या फटी अगदी मन लावून काढल्या.

निवड झाल्याचं ईमेलनं कळलं. त्यानंतर करारनामा. कार्यालयाच्या छापील यादीत शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर लिहिला होता, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पाचशेचा झालेला. त्यासोबत हमीपत्र: ही नेमणूक तात्पुरती आहे, कायमपदावर हक्क सांगणार नाही. नवरा म्हणाला, "पाचशे रुपये देऊन हक्क सोडतेस." २ जानेवारीला रुजू अहवाल दिला. त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका, पुढे प्रत्येक बिलाला तोच लागतो.

आता कार्यभाराची गोष्ट. मला आठवड्याला नऊ तासिका मिळाल्या. ऐकायला कमी वाटतं. पण आमच्याकडे दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक तासिका धरतात. माझ्या वाट्याला तीन तास भारतीय कलेचा इतिहास आणि बारा तास रेखांकन आणि पेंटिंगचं प्रात्यक्षिक आलं. म्हणजे पंधरा तास उभं राहायचं आणि नऊ मोजायचे. रसायनशास्त्रात प्रयोगशाळेत मुलं आपापला प्रयोग करतात, शिक्षक लक्ष ठेवतात, असा काहीसा हिशोब या नियमामागे असावा. चित्रकलेच्या वर्गात शिकवणं म्हणतात ते सगळं त्या अर्ध्या धरलेल्या तासांतच घडतं. फळ्यासमोर उभं राहून बोलायचा इतिहासाचा तास मी तुलनेनं आरामात घेत असे.

प्रथम वर्षाच्या वर्गात पंचविसेक मुलं, डाँकींवर (बसून चित्र काढायच्या बाकांवर) अर्धवर्तुळात. मध्ये तांब्याची घागर, कंदील, दोन वांगी आणि हिरवा पडदा. पहिल्याच दिवशी निम्म्यांनी मोबाइल काढला, घागरीचा फोटो घेतला आणि फोटोवरून चित्र काढायला लागले. मोबाइलच्या स्क्रीनवर चौकटींची ग्रिड टाकून. सीईटीत, म्हणजे प्रवेशपरीक्षेत, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर देऊन आलेली मुलं ही. हात तयार होते. बोटानं घासून गुळगुळीत केलेली छायाप्रकाशाची पानं त्यांच्याकडे ढिगानं होती. पण घागर गोल आहे म्हणजे तिची पलीकडची बाजू आपल्याला दिसत नाही, एवढंही कागदावर येत नव्हतं. फोटोनं ती आधीच चपटी करून दिलेली.

मी मोबाइल पिशवीत ठेवायला लावले. नाराजी झाली. पेन्सिल हात ताठ करून धरायची, एक डोळा मिटून मोजायचं, ही सगळी जुनी कवायत पुन्हा सुरू केली. इतिहासाच्या तासाला अजिंठा चालू होतं, तेव्हा सांगितलं की जे.जे.त शिकवणाऱ्या जॉन ग्रिफिथ्सनं १८७२ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना लेण्यांत नेलं, भिंतीसमोर बसवून नकला करून घेतल्या, १८८५ पर्यंत ते काम चाललं, आणि लंडनला पाठवलेल्या त्यांतल्या कितीतरी नकला आगीत जळाल्या. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, बॅकअप नव्हता?" त्या दिवसापासून वर्ग माझा झाला असं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याही अर्जात विचारत नाहीत. मुलाच्या कागदाला हात लावायचा की नाही? आपल्याकडची जुनी रीत अशी की सर विद्यार्थ्याच्या जागेवर बसतात, चार रेषांत चेहरा उभा करतात आणि मागे सगळा वर्ग श्वास रोखून पाहतो. व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकांना महाराष्ट्रात अजून गर्दी होते ती यामुळेच. मीही तशीच शिकले. पण सर उठून गेल्यावर तो कागद आपला राहत नाही, हेही मला आठवत होतं. म्हणून मी खिशात पोस्टकार्डाएवढे कागद ठेवले. सांगायचं ते त्यावर काढून द्यायचं, त्याच्या बोर्डाला क्लिपनं लावायचं आणि पुढे जायचं. यानं वेळ दुप्पट जातो. विभागातल्या ज्येष्ठ सरांना ही पद्धत फारशी पटली नाही. "दुरुस्ती दिसल्याशिवाय पोरं शिकत नाहीत," असं त्यांचं म्हणणं, आणि चित्रातल्या माणसाचा पाय कसा जमिनीवर ठेवायचा हे दाखवताना त्यांचंच बरोबर असतं, हेही मी पाहिलं. तिथे आता मीही डाँकीवर बसते. चेहऱ्याला मात्र नाही.

घागरीवरून आठवलं. स्टिल लाइफच्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइल पेंटनं डेड स्टॉकचा (कार्यालयीन मालमत्तेच्या नोंदीचा) क्रमांक घातलेला असतो. नवं काही घेतलं की आधी नोंदवहीत चढवायचं, मोडलं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंद रद्द करायचा, प्रस्ताव. एका मुलीनं कंदिलावरचा क्रमांकही इमानदारीनं चितारला होता, सावलीसकट. मी तिला पूर्ण गुण दिले. दिसतं ते काढ म्हटल्यावर तिनं दिसलं ते काढलं.

मॉडेलचा प्रश्न याहून चिवट. हेड स्टडीसाठी मार्केट यार्डातले एक निवृत्त हमाल मामा यायचे. पटका, पांढऱ्या मिशा, आणि पंचवीस मिनिटं दगडासारखं बसायची तयारी. त्यांचं मानधन काढायला कार्यालयानं आधार, पासबुक आणि पॅन मागितलं. मामांकडे पॅन नाही. व्हाउचर दोनदा परत आलं. शेवटी विभागप्रमुखांनी ते आकस्मिक खर्चातून बसवलं. नव्या माणसांना सांगते: मॉडेलला बोलवायच्या आधी पैसे कुठल्या शीर्षातून निघणार ते विचारून घ्या, आणि पोझच्या मध्ये पाच मिनिटांची सुट्टी व चहा यांत कधी काटकसर करू नका.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक गंमत झाली. वाणिज्य आणि विज्ञानाची मुलं खुला वैकल्पिक विषय म्हणून रेखांकन घेऊ शकतात. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कोर्स, एक प्रात्यक्षिक श्रेयांक म्हणजे सत्रात तीस तास. ही मुलं सोप्या गुणांसाठी येतील अशी माझी समजूत होती. आली तशीच, पण त्यांच्याकडे मोडायला जुनी सवय नव्हती. बी.कॉम.चा एक मुलगा तीस सेकंदांची जलद रेखाटनं अशी करायचा की आमच्या विभागातली मुलं येऊन पाहायची.

कागदकाम मात्र सर्वांना सारखं. प्रत्येक कोर्सची उद्दिष्टं आणि निष्पत्ती लिहून द्यावी लागते, त्यात 'समजेल' हे क्रियापद चालत नाही, कारण समजणं मोजता येत नाही. 'विश्लेषण करेल', 'सादर करेल' असं हवं. अंतर्गत मूल्यमापनाला मी चार भाग केले: मापन, रचना, माध्यम आणि स्केचबुक. स्केचबुकाचे गुण मुद्दाम जास्त. बाह्य परीक्षकांना सगळी कामं भिंतीवर लावून दाखवायची असतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी विभागात चित्र पुसलं जाऊ नये म्हणून, फिक्सेटिव्हऐवजी मारलेल्या हेअर स्प्रेचा वास भरलेला असतो.

पैशांचं सांगते, कारण तेच कुणी सांगत नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तासिकांचं बिल द्यायचं, त्याला हजेरीपट आणि वेळापत्रकाची प्रत जोडायची. विभागप्रमुखांची सही, मग आस्थापना, मग लेखा, मग लेखापरीक्षण. जानेवारीचं मानधन माझ्या खात्यात जूनमध्ये जमा झालं. तोवर ऑर्डरीची व्यक्तिचित्रं चालू ठेवली म्हणून निभावलं. घर ते विद्यापीठ एसटीनं सव्वा तास. महिलांना अर्धं तिकीट आहे, पण जानेवारीच्या अखेरीस भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, ते आम्हालाही अर्ध्या प्रमाणात लागलंच. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला गेला. फॉर्म २६एएस मध्ये (कापलेल्या कराच्या नोंदीत) तो दिसतोय ना पाहा आणि उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा, म्हणजे तो परत मिळतो. बिलाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. माझं मार्चचं बिल कार्यालयात कुठेतरी राहून गेलं होतं, ते त्या फोटोवरून पुन्हा निघालं.

एप्रिलच्या शेवटी सत्र संपलं आणि नेमणूकही. निरोप वगैरे काही नसतो, वेळापत्रकातून नाव जातं एवढंच. जाण्याआधी अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज हातोहात द्यावा. प्रमाणपत्रावर कोणत्या वर्गांना, कोणते विषय, किती तासिका आणि नेमणूक आदेशाचा जावक क्रमांक हे चारही असायला हवं. माझ्या पहिल्या प्रतीवर विषयाच्या रकान्यात नुसतं 'ड्रॉइंग' लिहिलं होतं. ते बदलून 'रेखांकन, पेंटिंग व भारतीय कलेचा इतिहास' करून घ्यायला मे महिना गेला. नवीन वर्षाची जाहिरात आली आहे, त्याच फाइलला आता ते प्रमाणपत्र जोडलंय. स्टॅम्प पेपर अजून घेतलेला नाही. आदेश आल्यावरच घ्यावा, जुन्या तारखेचा चालत नाही म्हणून परत पाठवलेले लोक मी पाहिले आहेत.